पीळ असावा तर सारखा

आपल्या भाषेने पिळाला फारसा न्याय दिलेला नाही. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ असे आपण म्हणतो, ते काही कोणाची स्तुती करण्यासाठी नव्हे. मिशांना पीळ भरणारा माणूस आपल्याला गर्विष्ठ वाटतो, कान पिळणारे मास्तर जन्मभर लक्षात राहतात, आणि घरमालकाने किंवा सावकाराने नाडले की आपण त्याला ‘पिळवणूक’ म्हणतो. एवढी बदनामी सोसूनही पीळ बिचारा आपल्या घरात मुकाट्याने राबत असतो. दिवाळीत देवापुढे जी तेलवात तेवते, ती कापसाला पीळ दिल्याखेरीज होत नाही. पाळण्याची दोरी, विहिरीचा दोर, अंगावरच्या कपड्यातले सूत ही सारी पिळावरच उभी आहेत. पीळ काढून घेतला तर दोराचा पुन्हा काथ्या होतो आणि सुताचा कापूस!

वर्षभर या सदरात आपण गळके नळ, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या आणि पावसाळ्यात रुसून बसणाऱ्या खिडक्या यांच्याशी दोन हात केले. दिवाळीच्या अंकात काही हौसेचे असावे, म्हणून यंदा मी पिळाचीच बाजू घेणार आहे. विषय साधा आहे. दोन वायरींना एकमेकींभोवती सारखा आणि सुबक पीळ कसा द्यावा, आणि त्यासाठी भिंतीला भोके पाडायचे ड्रिल कसे वापरावे.

‘ड्रिलचा आणि पिळाचा काय संबंध?’ असे कोणी विचारील. हल्ली पुष्कळ घरांत ड्रिल असते. एखादी तसबीर लावण्यासाठी ते हौसेने आणले जाते, आणि तसबीर एकदा भिंतीवर गेली की ड्रिल माळ्यावर जाते. परंतु भोक पाडणे हे ड्रिलचे काम नव्हेच. ते त्याच्या तोंडात बसवलेल्या टोकदार पात्याचे काम. ड्रिल फक्त फिरते. आजीच्या टकळीत जी गती होती तीच ही गती. फरक एवढाच की टकळीला बोटांनी फिरवावे लागे आणि याचा घोडा नुसता दाबावा लागतो. पाते काढून ठेवले की ड्रिलची टकळी झाली.

मात्र वायरींना पीळ द्यायचाच कशाला? दिसायला बरे दिसते म्हणून? तेही खरे आहे. दोन सुट्या वायरी भिंतीवरून गेल्या की एक इकडे झोळ खाते आणि एक तिकडे. पीळ दिलेली जोडी एकजीव राहते, कोपऱ्यावर नीट वळते आणि खिळ्याला अडकून एकटीच ओढली जात नाही. परंतु पिळाचा खरा गुण डोळ्यांना दिसत नाही, तो कानांना कळतो. मला तो कसा कळला ते सांगतो.

माझी आई मागच्या खोलीत झोपते. वय चौऱ्याऐंशी. पडल्यापासून तिचे चालणे जवळजवळ थांबले आहे आणि आवाज अगदी बारीक झाला आहे. आमची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला. रात्री तिला काही हवे असले तर ते आम्हांला कळायचे कसे? माझा पुतण्या तिच्या उशाशी मोबाइल ठेवून पाहून चुकला होता. अंधारात तिला ते चकचकीत पाटीसारखे यंत्र सापडत नसे. मग घंटी बसवू म्हणालो, तर ती म्हणाली, “मध्यरात्री घंटा वाजवून सगळं घर उठवू होय? मी काय पोस्टमन आहे?” तहान लागली तरी पहाटेपर्यंत तशीच पडून राहायची, आणि सकाळी विचारले की म्हणायची, “काही नाही रे, छान झोप लागली.” ओठ मात्र कोरडे पडलेले असत.

तेव्हा पुतण्याने एक युक्ती काढली. तिच्या उशाशी एक लहान स्पीकर ठेवायचा. स्पीकर उलट्या कामाला लावला की तोच मायक्रोफोन होतो. तिथून दोन बारीक वायरी भिंतीच्या कडेने आमच्या खोलीत आणायच्या, आणि तिथे लहानसा ॲम्प्लिफायर आणि दुसरा स्पीकर. तिने नुसते पुटपुटले तरी आम्हांला ऐकू यावे. योजना उत्तम होती. वायरी बारा मीटर गेल्या, दिव्यांच्या वायरिंगला लागूनच गेल्या, कारण त्या जुन्या भिंतीवर दुसरी वाट नव्हती. यंत्र सुरू केले, आणि स्पीकरमधून ऐकू आली ती एकसुरी घरघर. पोळ्यावरून माश्या उठाव्यात तशी. त्या घरघरीत आईचा आवाज पार बुडून गेला. ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवावा तर घरघरही तेवढीच वाढे.

आमच्या शेजारी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो. ते काठी टेकत आले, भिंतीवरच्या वायरींकडे चष्मा वर करून पाहिले आणि पुतण्याला म्हणाले, “बाळ, या दोघी फटकून का चालल्यात? पीळ कुठाय?”

“पिळानं काय होणार, आजोबा?”

“अरे, आम्ही खांबांवर चढून आयुष्यभर दुसरं काय केलं?”

मग त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत मांडतो.

घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो. प्रवाह असा सतत उलटसुलट होत असल्यामुळे त्याच्या वायरीभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही सतत बदलत राहते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे धरले की त्यात वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. आपली वीजकेंद्रे चालतात ती त्याच तत्त्वावर. आता आमच्या भिंतीवरच्या दोन सुट्या वायरी पाहा. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला ॲम्प्लिफायर, आणि मध्ये दोन समांतर तारा. म्हणजे बारा मीटर लांबीचे एक अरुंद वेटोळेच झाले! त्याने शेजारच्या वायरिंगमधून उसनी वीज घेतली आणि ॲम्प्लिफायरने ती इमानेइतबारे मोठी करून ऐकवली. आईच्या बोलण्याने उशाच्या स्पीकरमध्ये जी वीज निर्माण होत होती ती इतकी क्षीण की या उसन्या विजेपुढे तिचा टिकाव लागेना.

दोन्ही तारांना पीळ दिला म्हणजे काय होते? त्या एका लांब वेटोळ्याची शेकडो इवलीशी वेटोळी होतात, आणि प्रत्येक पुढच्या वेटोळ्यात तारांची जागा उलटलेली असते. वरची खाली आणि खालची वर. त्यामुळे एका वेटोळ्यात जी उसनी वीज उत्पन्न होते, तिच्या नेमकी उलट वीज शेजारच्या वेटोळ्यात उत्पन्न होते. दोघी एकमेकींचा हिशेब चुकता करतात आणि अखेरीला शिल्लक जवळजवळ शून्य. आईचा आवाज मात्र या वजाबाकीत सापडत नाही, कारण तो बाहेरून आलेला नसतो. तो एका तारेने जातो आणि दुसरीने परततो.

आजोबांनी यावर एक छान दाखला दिला. दोघे भाऊ एस.टी.ने निघाले. खिडकीच्या बाजूने ऊन येते. एकच भाऊ सारा वेळ खिडकीशी बसला तर तो भाजून निघेल आणि दुसरा गारेगार राहील. पण दर थांब्याला दोघांनी जागा बदलली, तर मुक्कामाला पोचेपर्यंत दोघांना सारखेच ऊन लागलेले असेल आणि भांडण होणार नाही. खांबांवरून टेलिफोनच्या तारा जात त्या काळी ठरावीक खांबांवर डावी तार उजवीकडे आणि उजवी डावीकडे नेत, ती याचसाठी. खाली उभ्या राहून पाहणाऱ्याला वाटे की तारा गुंतल्या आहेत. त्या गुंतलेल्या नसत, त्यांनी जागा बदललेली असे.

टेलिफोनच्या सुरुवातीच्या दिवसांत हे कोणाला सुचले नव्हते. तारायंत्राप्रमाणेच टेलिफोनलाही एकच तार ओढीत आणि परतीची वाट म्हणून जमिनीचा उपयोग करीत. शेजारच्या तारांतले बोलणे आणि निरनिराळे खरखर आवाज त्या एकट्या तारेत शिरत. पुढे विजेचे दिवे आणि विजेच्या ट्राम आल्या तेव्हा तर उपद्रव फारच वाढला. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी परतीसाठी दुसरी तार घेऊन ती पहिलीभोवती पिळण्याच्या कल्पनेचे पेटंट १८८१ साली मिळवले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, आपल्या मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. इतक्या वर्षांत टेलिफोनचे रूप ओळखू येऊ नये इतके पालटले, पण तो पीळ गेला नाही. आपल्या संगणकाला इंटरनेटच्या डबीपासून जी निळी-करडी केबल येते ती सोलून पाहा. आत आठ तारा असतात, पण त्या आठ जणी सुट्या नसतात; चार जोड्या असतात. निळी, नारिंगी, हिरवी आणि तपकिरी, आणि प्रत्येकीची जोडीदारीण पांढरी किंवा पांढऱ्यावर त्याच रंगाची रेघ असलेली. मौज अशी की चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो. एकीचा घट्ट, दुसरीचा किंचित सैल. शेजारच्या दोन जोड्यांनी एकाच तालात जागा बदलल्या तर एकीचे बोलणे दुसरीत शिरेल, म्हणून ही काळजी. या केबलच्या टोकाला प्लग बसवताना कारागिराने तेरा मिलिमीटरपेक्षा अधिक पीळ सोडू नये, असा नेम आहे. अर्ध्या इंचाचा पीळ जपायचा, इतके त्याचे महत्त्व!

असो. आम्ही भिंतीवरच्या वायरी उतरवल्या आणि पीळ द्यायला बसलो. हाताने पीळ देऊन पाहिला. वीतभर होईतो बोटे दुखली, आणि पीळ पाहावा तर कुठे घट्ट, कुठे ढिला. बारा मीटरसाठी आठशेहून अधिक फेरे हवेत. मग माळ्यावरचे ड्रिल आठवले.

विजेवर फिरणाऱ्या ड्रिलचे पेटंट ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे १८८९ साली घेतले गेले. जर्मनीत स्टुटगार्ट येथे फाइन यांच्या कारखान्याने १८९५ साली हातात धरण्याजोगे ड्रिल केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा हे आजचे रूप अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीच्या १९१७ सालच्या पेटंटातले, आणि १९६१ साली त्याच कंपनीने बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणले. आपल्या कामाला हे बॅटरीचेच उत्तम. त्याला मागे वायरीचे शेपूट नसते, ते सावकाश फिरवता येते, आणि उलटेही फिरते. ज्यांच्याकडे सुताराचे हाताने फिरवायचे दातेरी चाकांचे ड्रिल असेल त्यांचे काम त्यानेही होईल. फक्त खांदा भरून येईल.

आता कृती. फराळाच्या कृतीसारखीच ही आधी एकदा पुरी वाचावी आणि मग हात घालावा.

वायर निवडताना आत एकच सलग तांब्याची तार असलेली, बाहेरून सुमारे दीड मिलिमीटर जाडीची वायर घ्यावी. आत पुष्कळ बारीक केसांसारख्या तारा असतील तर अशी वायर दिलेला पीळ लवकर परत घेते. सलग तार पीळ धरून ठेवते. दोन रंग घ्यावेत, म्हणजे पुढे जोडताना कोणती कोणती ते कळते आणि पीळ सारखा पडला की नाही तेही नजरेला दिसते.

लांबी मोजताना पिळाचा हिशेब धरावा. मी असा अंदाज ठेवतो की एका फेऱ्याला वायरीच्या जाडीच्या दहापट लांबी द्यावी. दीड मिलिमीटरच्या वायरीला पंधरा मिलिमीटरचा फेरा. अशा पिळात वायर सुमारे शेकडा पाच भाग आखूड होते. म्हणजे बारा मीटर जोडी हवी असेल तर प्रत्येक वायर बारा मीटर साठ सेंटिमीटर तरी हवी. वर टोके बांधायला आणि शेवटी कापून टाकायला म्हणून आम्ही साडेतेरा मीटर घेतली. दोन्ही वायरी अगदी सारख्या लांबीच्या असाव्यात.

एवढी लांब जागा घरात नसते. चाळीत राहणाऱ्यांना व्हरांडा आहे, इमारतीत राहणाऱ्यांना गच्ची आहे. आम्ही गच्चीवर गेलो. दोन्ही वायरींची एकेक टोके कपडे वाळत घालायच्या दोरीच्या लोखंडी आकड्याला गाठ मारून पक्की बांधली. दुसरी टोके ड्रिलच्या जबड्यात थेट धरली तर जबडा ती चिरडतो आणि वायर मध्येच निसटते. त्याऐवजी पडद्याच्या दोरीसाठी मिळतो तसला पेचाचा आकडा जबड्यात घट्ट बसवावा आणि वायरींची टोके त्या आकड्याला बांधावीत.

आता महत्त्वाची गोष्ट. ड्रिल सुरू करण्यापूर्वी दोन्ही वायरींवरून बोट फिरवून पाहावे. दोघी सारख्याच ताणलेल्या असल्या पाहिजेत. एक ताठ आणि दुसरी सैल असेल तर ताठ वायर सरळच राहते आणि सैल वायर तिच्याभोवती वेलीसारखी चढत जाते. लांबून पाहणाऱ्याला तोही पीळच वाटतो. पण अशा जोडीला ओढ बसली की सगळा भार त्या एका सरळ वायरीवर येतो, आणि वेढे घालणारी उगीचच लांब राहते. दोघींनी सारखे वळावे, दोघींनी सारखी जागा सोडावी, तरच तो पीळ. एकीने ताठ राहायचे आणि दुसरीने तिच्याभोवती फिरायचे, हा पीळ नव्हे. (हे वाक्य मी वायरींविषयीच लिहिले आहे, पण आमच्या घरातून त्याला जोराचे अनुमोदन मिळाले, हे नमूद करणे भाग आहे.)

ड्रिल सर्वांत सावकाश गतीवर ठेवावे. पुष्कळ ड्रिलांच्या गळ्याशी आकडे लिहिलेली एक कडी असते. ती लहान आकड्यावर आणून ठेवावी, म्हणजे वायर कुठे अडकली तर ड्रिल कट्‌कट् करीत घसरते, वायर तुटत नाही आणि मनगटही मुरगळत नाही. मग वायरी ताणून धरून घोडा हलकेच दाबावा. मिनिटाला दोनशे फेरे धरले तर साडेतेरा मीटरला सव्वाचार मिनिटे लागतात. पीळ भरत जातो तशी जोडी आखूड होते आणि ड्रिल धरणाऱ्याला आपल्याकडे ओढते. तेव्हा ताण न सोडता पावलापावलाने पुढे सरकत जावे. आमच्या गच्चीवर हे काम पाहायला जमलेल्या मुलांना ‘काका ओढले जातायत’ याचेच फार हसू आले.

पुरेसा पीळ भरला की लगेच सोडून द्यावेसे वाटते. तसे मुळीच करू नये. तांब्याला दिलेल्या पिळातला थोडा भाग ते परत घेतेच. ताण एकदम सोडला तर जोडी स्वतःभोवती गुंडाळून तिचा सापासारखा गुंता होतो, आणि मग तो सोडवताना दिवाळी संपते. म्हणून ठरवल्यापेक्षा दहावा हिस्सा फेरे अधिक द्यावेत, ड्रिल थांबवावे, ताण तसाच ठेवून एकदा बेताचा हिसका द्यावा, आणि मग ड्रिल अगदी सावकाश उलटे फिरवीत जोडीचा जीव शांत होऊ द्यावा. आकड्यावरची गाठ सैल केल्यावरही जी जोडी जागच्या जागी निवांत पडून राहते, ती जमली. पट्टी लावून मोजावे. पंधरा सेंटिमीटरमध्ये दहा फेरे भरले, आणि मध्याशी व टोकाशी आकडा तोच आला, की काम सुबक झाले. टोकांचा चेंगरलेला भाग कापून टाकावा.

तीन वायरी असतील तर त्यांनाही असाच पीळ देता येतो. फक्त वेणी आणि पीळ यांची गल्लत करू नये. वेणीत प्रत्येक पेड आळीपाळीने मध्ये येतो. ते काम बोटांचे आहे, ड्रिलचे नव्हे.

आता चार गोष्टी काळजीच्या, आणि त्या हौसेइतक्याच आवडीने वाचाव्यात. पदर, ओढणी, सैल बाही, मोकळे केस, गळ्यातली साखळी यांतले काहीही फिरत्या आकड्याजवळ येऊ देऊ नये. हातमोजे घालू नयेत. फिरते यंत्र मोज्याबरोबर बोटही ओढून नेते. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण तुटलेल्या वायरीचे टोक चाबकासारखे उसळते. मुलांना वायरीच्या बाजूला, लांब उभे करावे. आणि दुसरे टोक कोणाच्याही हाताला किंवा बोटाला गुंडाळून धरायला देऊ नये, मग तो कितीही उत्साहाने पुढे आला तरी. आकड्याचे काम आकड्यानेच करावे.

शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. हे सारे बारीक विजेच्या वायरींसाठी आहे. बॅटरीची घंटी, स्पीकर, मुलांची शास्त्राची खेळणी. दिव्यांच्या, पंख्यांच्या आणि रोषणाईच्या माळांच्या वायरींना घरी पीळ देत बसू नये. आणि वेष्टनासकट वायरींना दिलेला पीळ वेगळा, उघड्या तांब्याची टोके पिळून वर चिकटपट्टी गुंडाळून केलेला सांधा वेगळा. असा सांधा कालांतराने सैल होतो, तापतो आणि आग लावू शकतो. आकाशकंदिलाची वायर पुरत नसेल तर ती पिळून वाढवू नका. योग्य लांबीची सलग वायर आणा, आणि भिंतीतले काम परवानाधारक वायरमनवर सोपवा.

आमची पिळलेली जोडी भिंतीवर गेली. आजोबांच्या सांगण्यावरून ती दिव्यांच्या वायरिंगपासून वीतभर दूर सरकवली, आणि जिथे ओलांडणे भागच होते तिथे काटकोनात ओलांडली. यंत्र सुरू केले. घरघर अगदी नाहीशी झाली असे नव्हे. दूर कुठेतरी एखादी माशी असावी एवढी उरली. आणि तिच्यावरून स्वच्छ ऐकू आला तो जपमाळेच्या मण्यांचा आवाज. एकेक मणी.

आईला हे सांगितले तेव्हा ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे रात्रभर माझं कण्हणं ऐकणार तुम्ही? ते नको. बटण माझ्या हाताशी द्या.” पुतण्याने त्याच दिवशी तिच्या पलंगाच्या कठड्याला मोठे ठसठशीत बटण बसवले. ते ती दिवसा बंद ठेवते आणि रात्री देवाचे नाव घेऊन सुरू करते. चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला स्पीकरमधून शब्द आला, “पाणी.” हाक नव्हती ती, स्वतःशीच म्हटल्यासारखे. मी भांडे घेऊन गेलो तेव्हा ती उशीवरून माझ्याकडे पाहत म्हणाली, “एवढ्यानं कळलं होय रे तुला?” आता सकाळी तिचे ओठ कोरडे नसतात.

आता वाचकांनी, विशेषतः सुट्टीतल्या मुलांनी, करून पाहावा असा एक प्रयोग. पिळाचा गुण डोळ्यांना दिसत नाही असे मी वर म्हटले आहे. या प्रयोगात तोही दिसतो. सुईचे साधे होकायंत्र, दीड व्होल्टची एक बॅटरी आणि जुन्या टॉर्चमधला तारेचा बल्ब एवढे साहित्य पुरे. हल्लीचा एलईडी चालणार नाही. त्यातून वाहणारा प्रवाह फार थोडा असतो. बॅटरीपासून बल्बापर्यंत दोन वायरी न्याव्यात. त्यांतली एक होकायंत्राच्या काचेवरून, सुईच्या दिशेने म्हणजे दक्षिणोत्तर, न्यावी आणि दुसरी चांगली हातभर दूर ठेवावी. बल्ब लागला की सुई बाजूला वळते. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी १८२० साली जगापुढे ठेवलेला शोध हाच. मग त्याच दोन वायरींना सारखा पीळ द्यावा आणि ती जोडी पुन्हा काचेवरून न्यावी. बल्ब लावावा आणि सुईकडे पाहावे. सुई जवळजवळ जागची हलत नाही. दोन्ही तारांतून वीज तेवढीच वाहते आहे, बल्ब पहिल्याइतकाच उजळलेला आहे. फक्त शेजाऱ्याला त्याचा उपद्रव नाही.